भुताच्या पिक्चरचा दुसरा भाग : तंबूपासून मोबाइलपर्यंत

'स्त्री २' आणि 'भूल भुलैया ३' दोन्ही २०२४ साली आले. भुताचा पिक्चर चालला की पुढचा भाग येणारच, हे आता गृहीतच धरलं जातं. हिंदीत ही रीत अलीकडची आहे. ती आधी का नव्हती आणि आल्यावर इतक्यांदा का फसली, हे समजायला दोन गोष्टी सोबत पाहाव्या लागतात. पहिली, मूळ पिक्चरच्या शेवटी काय शिल्लक ठेवलं होतं. दुसरी, विदर्भातल्या गावाने तो पिक्चर कोणत्या यंत्रावर पाहिला.

'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी' (१९६४) या पिक्चरांत भूत नव्हतंच. पांढरी साडी, धुकं, दूरवरून येणारं लताबाईंचं गाणं, आणि शेवटी उघड व्हायचं की सगळं माणसाचंच कारस्थान. रहस्य एकदा उघडलं की दुसऱ्या भागाला उरायचं काय? त्यामुळे असे पिक्चर पुन्हा पुन्हा लागत, पण त्यांचा पुढचा भाग निघत नसे.

विदर्भाचा भाग चित्रपटधंद्यात सीपी-बेरार सर्किटमध्ये, म्हणजे वितरण विभागात, मोडतो आणि त्याच्या वितरणाचं मोठं ठाणं अमरावती. प्रिंट आधी मोठ्या शहरांत, मग तालुक्याच्या टाकीजमध्ये आणि सगळ्यात शेवटी यात्रेतल्या तंबूत पोचायची. अडीच तासांच्या पिक्चरची फिल्म साधारण साडेतेरा हजार फूट भरते, म्हणजे हजार फुटांची चौदा रिळं. तंबूत बहुधा एकच मशीन असे. रीळ संपलं की दिवे लागत आणि ताणलेली भीती तिथेच सैल पडे. शिवाय तुटलेली फिल्म जोडताना ऑपरेटर दर वेळी दोन-चार चौकटी कापतो. रिळाच्या टोकांना सर्वांत जास्त मार बसतो. अचानक दचकवणारा प्रसंग अशा टोकाशी आला, तर तंबूपर्यंत पोचेतो त्यातला नेमका धक्काच गळालेला असे.

उजेड यायचा कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीतून. कांड्या जळत जातात, तसं त्यांच्यातलं अंतर राखत राहावं लागतं. हात चुकला की पडदा अंधारतो आणि आधीच काळोखा असलेला प्रसंग पार दिसेनासा होतो. आवाजाचंही तेच. पडद्यामागच्या भोंग्यातून खर्जाचा आवाज निघतच नाही. किंकाळी, पैंजण, दाराची कुरकुर आणि बाईचा उंच गळा मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतो. त्या काळी गाण्यातूनच भूत उभं करायचे, ही खेड्यातल्या प्रेक्षकासाठी फार मोलाची गोष्ट होती. तंबूत दुसरं काही धड ऐकूच आलं नसतं.

मग भुताचे पिक्चर काढणारे रामसे बंधू आले. 'दो गज जमीन के नीचे' १९७२चा, पण खरा गाजला तो १९८४चा 'पुराना मंदिर'. रामसेंनी भूत खरं केलं. त्याला चेहरा दिला, धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे ठेवलं. त्यांची हवेली विदर्भात कुणाला परकी वाटली नाही. वऱ्हाडात गावोगाव ढासळलेल्या गढ्या आहेत, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मालगुजारांचे वाडे आहेत, आणि कोणत्या वाड्यात रात्री जायचं नाही हे पोरासोरांनाही माहीत असतं. झाडीपट्टीतला प्रेक्षक तर दिवाळीनंतर, धान निघाल्यावर, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत रात्रभर नाटक पाहणारा. पिक्चर सावकाश चालतो अशी तक्रार तो करत नाही.

रामसेंच्या दिव्यांना समीक्षकांनी नावं ठेवली. लाल, हिरवा, निळा उजेड थेट चेहऱ्यावर. आमच्या मते या पिक्चरांना गावात आयुष्य मिळालं ते याच दिव्यांमुळे, आणि त्याचं कारण व्हिडिओ. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने यायचे, सोबत तीन-चार कॅसेटी, आणि खर्च वर्गणीतून. कॅसेट बहुधा कॉपीची कॉपी असे. व्हीएचएसवर दर कॉपीला बारकावे कमी होतात आणि काळोखातला तपशील बुडत जातो. सावलीतून सरकणारी आकृती तिसऱ्या कॉपीत नुसती राखाडी मुंग्या होऊन जाते. लाल उजेडातलं तोंड मात्र फाटक्या कॉपीतही ओळखू येतं. सावलीवर बेतलेले नाजूक पिक्चर असे गावात पडले आणि रामसे टिकले.

व्हिडिओच्या खोड्याही ठरलेल्या असत. पांढऱ्या रेषा आल्या की फीत वाचणारं हेड मळलेलं. स्पिरिटने पुसायचं, पण कापसाचे धागे अडकतात म्हणून धागे न सुटणारं नरम कापड घ्यायचं आणि हेडवर वरखाली घासायचं नाही. चित्र खालून हलत असेल तर ट्रॅकिंगची चकती फिरवायची. खरा घात विजेचा. मध्येच लाइट गेली की फीत हेडच्या फिरत्या ड्रमभोवती गुंडाळलेली तशीच राहते. घाईत हाताने ओढली तर तिला वळी पडते आणि पुढच्या प्रत्येक खेळात चित्र तिथेच फाटतं. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी यायची, तीच पुढे हेड खराब करायची.

खरं भूत आलं म्हणजे पुढच्या भागाची वाट मोकळी झाली, पण रामसेंनी ती धरली नाही. १९८५चा 'सामरी' हा पिक्चर 'पुराना मंदिर'मधल्या सामरी या भुताचं नाव आणि त्याचा नट घेतो, गोष्ट मात्र वेगळीच. शिवाय तो थ्री-डी. चष्म्याच्या थ्री-डीला चंदेरी पडदा लागतो. साध्या पांढऱ्या कापडावर दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळतात. म्हणजे ज्या तंबूतल्या प्रेक्षकाने 'पुराना मंदिर'मधला सामरी डोक्यावर घेतला, त्याच्या पडद्यावर हा पिक्चर धड दिसणारच नव्हता. मराठीत 'झपाटलेला' (१९९३) होता. तात्या विंचू बाहुला आहे, आणि बाहुल्यातला आत्मा परत येऊ शकतो, एवढं आश्वासन त्या गोष्टीतच होतं. तरी दुसरा भाग यायला वीस वर्षं लागली.

क्रमांकाची खरी सवय 'राज'ने लावली. २००२चा पहिला भाग चालला तो भुताइतकाच गाण्यांमुळे. २००९चा दुसरा फक्त नाव वापरतो, आधीच्या गोष्टीशी त्याचं नातं नाही. याला पुढचा भाग म्हणणं प्रेक्षकावर अन्याय आहे. 'भूल भुलैया'चं दुखणं याहून मोठं. २००७चा पिक्चर मल्याळम 'मणिचित्रताळू'वरून घेतलेला आणि त्याचा गाभाच असा की भूत नाही, आजार आहे. २०२२च्या दुसऱ्या भागात भूत खरं निघतं. मजा आली असेल, पण पहिल्याने जे पटवून दिलं होतं ते पुसलं गेलं.

याउलट 'दृश्यम'. निशिकांत कामत यांचा हिंदी पिक्चर २०१५चा, मूळ मल्याळम २०१३चा. यात भूत नाही, तरी दुसरा भाग चपखल बसतो. पहिला संपतो तेव्हा एक गोष्ट जमिनीखाली पुरलेलीच असते आणि कुठे, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. दुसऱ्या भागाला नवं संकट आणावं लागत नाही. 'स्त्री'च्या शेवटीही गाठ अर्धवट सोडलेली होती, म्हणून 'स्त्री २'ला उभं राहायला जागा मिळाली. त्यातलं सरकटं, म्हणजे शिर तुटलेलं भूत, आमच्या मते पहिल्या भागातल्या स्त्रीइतकं भीतीदायक नाही. संगणकावर घडवलेलं भूत जितका वेळ दिसतं तितकं ओळखीचं होतं. 'मुंज्या'ने कोकणातली गोष्ट सांगितली, पण पिंपळावरचा मुंजा विदर्भातही घरचाच.

मधल्या काळात सीडी आली. एका पिक्चरच्या दोन-तीन चकत्या, आणि काळोख्या प्रसंगात चित्राचे चौकोनी तुकडे. २००५नंतर सॅटेलाइटवरून पिक्चर पाठवायची सोय झाली आणि तालुक्याच्या टाकीजला प्रिंटची वाट पाहायची गरज उरली नाही. तोवर बऱ्याच टाकीज बंद पडल्या होत्या. २०१६नंतर स्वस्त डेटा आला आणि पिक्चर मोबाइलवर गेला. मोबाइलच्या स्पीकरमध्येही त्या भोंग्यासारखाच खर्ज नाही, आणि आजचे भुताचे पिक्चर तर खर्जाच्या घुमण्यावरच बांधलेले. 'तुंबाड' (२०१८) असा पाहिला तर निम्मा गेला. २०२४ला तो पुन्हा टाकीजमध्ये लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, यात आम्हाला नवल वाटलं नाही. मोबाइलवरच पाहायचा तर कानात घट्ट बसणारा इअरफोन लावा आणि खोली अंधारी करा.

गावात पडदा लावायचा तर हक्कदाराची परवानगी आधी घ्या. दहा बाय सहा फुटांच्या कापडाला तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. कापडामागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो आणि काळा रंग राखाडी दिसतो. बेसचा, म्हणजे खर्जाचा, डबा स्टुलावर न ठेवता जमिनीवर, भिंतीला लागून ठेवा. जवळचा पथदिवा बंद करायला ग्रामपंचायतीला सांगून ठेवा. डिसेंबरात साडेसहाला सुरुवात करता येते, मे महिन्यात साडेसातच्या आत पडदा लावूच नका.