गोळ्यांनी फिट थांबत नसेल तर: एमआरआय काढण्याआधी हे वाचा

‘एमआरआय नॉर्मल आलाय, मग फिट येते कशाने?’ काउंटरवर फाइल ठेवता ठेवता हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो. कागल, गडहिंग्लज, राधानगरीहून पहाटेची एसटी धरून आलेली माणसे असतात, पिशवीत अनेक वर्षांचे कागद असतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. आमचे कोल्हापुरातले लहानसे स्कॅन सेंटर. फिट थांबवण्यासाठीचे मेंदूचे ऑपरेशन आम्ही करत नाही. पण ऑपरेशन होईल का, हे ज्या चित्रांवरून ठरते त्यातली पहिली इथे निघतात. तीच नीट निघाली नाहीत, तर पुढचे सगळे अडते.

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसमध्ये, न चुकवता घेऊनही झटके येतच राहिले, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार, म्हणजे फिटचा आजार. तीन रुग्णांमागे साधारण एकाचे असे होते. मग गोळ्या बदलत वर्षे घालवू नका. ‘ऑपरेशनच्या दृष्टीने तपासणी करायची का?’ असे न्यूरोलॉजिस्टना स्वतःहून विचारा. तपासणी केली म्हणजे ऑपरेशन ठरले, असे नव्हे.

जाड काप, बारीक काप

साध्या एमआरआयमध्ये मेंदूचे काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात आणि दोन कापांत थोडी फट राहते. मोठी गाठ किंवा रक्तस्राव पाहायला तेवढे पुरते. फिटचे मूळ मात्र कधी कधी दाण्याएवढे असते. गुळाची ढेप मोठ्या तुकड्यांत फोडली तर आतला खडा दिसत नाही. बारीक चिरायला घेतली की तो विळीला लागतो. म्हणून अपस्मारासाठी १ मिलिमीटरचे सलग काप घेतात.

शिवाय दोन्ही कानशिलांच्या आत एकेक हिप्पोकॅम्पस असतो, आठवणी साठवण्याचे काम करणारा, समुद्रघोड्यासारखा वळलेला. त्याच्या लांबीला काटकोनात काप घ्यावे लागतात. तंत्रज्ञ आधी बाजूच्या चित्रात त्याची तिरपी रेघ शोधतो, मगच काप लावतो. मग डावा-उजवा शेजारी शेजारी दिसतात. कधी एक भरलेला असतो, दुसरा आक्रसलेला आणि पांढुरका. असे दिसले तर घाबरू नका. मूळ सापडलेल्या रुग्णाला ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ असेल, तर डॉक्टरांकडून ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ (म्हणजे अपस्मारासाठीची ही पद्धत) असे लिहून घ्या.

फिटचा व्हिडिओ आणा

एका आईने मोबाइल पुढे केला. मुलगा ओठ चाटल्यासारखे करत होता, डाव्या हाताने शर्टाचे बटण चाचपत होता आणि उजवा हात मनगटातून वळून आखडला होता. उजवा हात मेंदूचा डावा भाग चालवतो. आखडलेला हात उजवा, म्हणजे डाव्या कानशिलाकडे आधी पाहायचे, हा धागा रेडिओलॉजिस्टना तिथेच मिळाला. कागदावर फक्त ‘फिट येते’ एवढेच होते.

म्हणून फिट आली की कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. माणसाला कुशीवर वळवा आणि दुसऱ्या कुणाला तरी शूटिंग करायला सांगा. चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या. फिट पाच मिनिटांवर गेली, तर मोबाइलवरून आधी १०८ लावा.

पुढच्या तपासण्या

दवाखान्यात ठेवून व्हिडिओ-ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख आणि सोबत व्हिडिओ) करतात आणि तो एमआरआयशी जुळतो का पाहतात. जुळला नाही तर पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो हे दाखवणारी तपासणी. फिटचे मूळ असलेला भाग एरवी साखर कमी वापरतो, म्हणून तिथे मंद दिसतो. फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्णाला मनात शब्द आठवायला किंवा बोटे हलवायला सांगतात, म्हणजे बोलण्याची आणि हाताची जागा कळते. सर्जनना काय काढायचे याइतकेच काय वाचवायचे हेही कळावे लागते. हे सगळे आमच्याकडे होत नाही. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, बंगळुरूचे निम्हान्स, दिल्लीचे एम्स इथे होते.

एम्समधला ११६ मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटक्यांतून मोकळी होती, नुसत्या औषधांवरची ७ टक्के. ऑपरेशननंतर काही मुलांना एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा आला, हेही आम्ही लपवत नाही. सर्जनशी त्यावर मोकळेपणाने बोला.

येताना

सकाळची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. एमआरआयसाठी औषध बंद करायचे नसते. पेसमेकर, कानातले कॉक्लिअर यंत्र किंवा मेंदूतली क्लिप असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. साज, मंगळसूत्र, जोडवी घरी ठेवा. पदराची सेफ्टी पिन हमखास राहते, ती आमच्या ताई काढायला लावतील. अर्धा-पाऊण तास अजिबात न हलता पडून राहायचे आहे. मशीनचा आवाज मोठा असतो, हातात घंटी देतो. लहान मुलाला झोपेचे औषध लागणार असेल तर उपाशी किती तास ठेवायचे ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

जुन्या फिल्म आणि सीडी सोबत आणा, नुसता रिपोर्ट नको. आमचीही सीडी घेऊनच जा. पुढच्या दवाखान्यातले डॉक्टर चित्रे स्वतः पाहतात.