पार्श्वभूमी : सपोर्ट संपतो तेव्हा आधी काय बंद पडते

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी ते संगणक नेहमीसारखेच सुरू झाले, आणि घोळ इथूनच सुरू होतो. थांबतो तो सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा. यंत्र चालूच राहते. ‘काही होत नाही’ असे म्हणत मग एकेक वर्ष सरते. आजवरचे असे शेवट पाहिले तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी तिच्या भोवतालचे ढासळते: ब्राउझर, प्रमाणपत्रे, ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम), प्रोग्रॅमची पॅकेजे पुरवणारे सर्व्हर. त्यामुळे तयारी करायची ती या भोवतालची. नुसती कॅलेंडरवरची तारीख धरून बसलेला माणूस हमखास अडकतो.

सपोर्टच्या तारखा आधीपासून जाहीर करण्याची पद्धत तशी अलीकडची. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००२ मध्ये सपोर्टच्या मुदतीचे धोरण जाहीर केले आणि २००४ मध्ये व्यावसायिक उत्पादनांसाठी पाच वर्षे मुख्य अधिक पाच वर्षे विस्तारित असे दहा वर्षांचे गणित पक्के केले. पहिल्या पाच वर्षांत नवी वैशिष्ट्ये आणि सर्व प्रकारच्या दुरुस्त्या, नंतरच्या पाचांत प्रामुख्याने सुरक्षेच्या. तरीही तारखा सरकत राहिल्या. विंडोज ९८ चा शेवट जानेवारी २००४ मध्ये ठरला होता. ऐन वेळी मुदत वाढली आणि प्रत्यक्ष शेवट ११ जुलै २००६ ला झाला. विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तीला तर विस्तारित सपोर्ट मिळणारच नव्हता. व्हिस्टा बाजारात येत असताना, जानेवारी २००७ मध्ये, तिलाही २०१४ पर्यंतची मुदत दिली गेली. ‘शेवटी वाढवतीलच’ ही समजूत लोकांच्या डोक्यात आपोआप आलेली नाही.

विंडोज ९८ च्या अखेरच्या महिन्यांत घडलेली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २००६ मध्ये फाइली दाखवणाऱ्या विंडोज एक्सप्लोररमध्ये सुरक्षेतले एक गंभीर छिद्र सापडले. नव्या आवृत्त्यांना दुरुस्ती मिळाली. विंडोज ९८ आणि विंडोज एमईबद्दल मात्र मायक्रोसॉफ्टने सांगितले की, तिथे ती करायची तर एक्सप्लोररचा मोठा भाग नव्याने लिहावा लागेल, आणि तसे केल्यावर जुने प्रोग्रॅम चालतील याची खात्री नाही. सल्ला दिला तो फायरवॉलवर टीसीपी पोर्ट १३९, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याची एक वाट, अडवण्याचा. सपोर्ट अजून संपलेलाही नव्हता. पैसे वाचवायला कंपन्या सपोर्ट बंद करतात हे खरेच. पण ठरावीक वयानंतर जुन्या रचनेवर नवी दुरुस्ती बसतच नाही, हेही तितकेच खरे.

जुनी आवृत्ती असुरक्षित होण्याचे दुसरे कारण सामायिक कोडचे. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्या आल्या की हल्लेखोर दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून फरक काढतात. छिद्र नेमके कुठे होते ते त्या फरकातूनच कळते. विंडोजच्या लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये पुष्कळ कोड तोच असतो. म्हणून चालू आवृत्तीला मिळालेली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे सपोर्ट संपलेल्या आवृत्तीतल्या छिद्राचा पत्ता ठरू शकते, आणि ते छिद्र तिथे कायमचे उघडे राहते. धोका त्या तारखेला एकदम उसळी घेत नाही. महिन्यामागून महिना साचत जातो.

एक्सपीचा शेवट ८ एप्रिल २०१४ ला झाला. महिनाही उलटला नव्हता तोच, १ मे रोजी, इंटरनेट एक्सप्लोररमधल्या छिद्रासाठी एक्सपीलाही दुरुस्ती द्यावी लागली. ब्रिटिश सरकारने त्या वर्षी सुमारे ५५ लाख पौंड मोजून आपल्या सरकारी यंत्रांसाठी एका वर्षाचा खास सपोर्ट विकत घेतला. काहींनी तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद टाकून आपला एक्सपी हा दुकानांतल्या बिलिंग यंत्रांवरचा ‘पॉसरेडी २००९’ आहे असे भासवले, कारण त्याला २०१९ पर्यंत अपडेट मिळणार होते. मायक्रोसॉफ्टने याबद्दल इशारा दिला होता. ज्या यंत्रावर ज्या दुरुस्तीची चाचणीच झालेली नाही ती तिथे बसवणे म्हणजे नसता धोका ओढवून घेणे.

मग १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा, आपोआप पसरणारा किडा (वर्म) आला, आणि त्याचे खापर आजही एक्सपीवर फोडले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ लाच आलेली होती. बाधित झालेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ वर होती, म्हणजे सपोर्ट असलेली. त्यांवर दोन महिने दुरुस्ती बसवलेलीच नव्हती. नंतरच्या चाचण्यांत असेही दिसले की, एक्सपीवर तो किडा पसरण्याऐवजी बहुतेकदा यंत्रच निळ्या पडद्यावर कोसळायचे. मायक्रोसॉफ्टने १३ मे ला एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली आणि मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपच्या (दुरून यंत्र चालवण्याच्या सोयीच्या) छिद्रासाठी पुन्हा एकदा. या अपवादांवर भिस्त ठेवणे चूक. वर्म आपोआप पसरण्याइतके छिद्र भयंकर असेल तरच अपवाद होतो; बाकीची शेकडो छिद्रे तशीच राहतात. आणि सपोर्ट असूनही अपडेट बंद ठेवले असतील, तर नव्या आवृत्तीवर जाऊनही फारसे काही साधत नाही.

आता भोवतालच्या पडझडीकडे वळू. एक्सपीवर चालणारे शेवटचे क्रोम ४९ वे. २०१६ मध्ये तिथे त्याचे अपडेट थांबले. विंडोज ७ साठी शेवटचे क्रोम १०९ वे, २०२३ च्या सुरुवातीचे. एक्सपीच्या स्वतःच्या जोडणीत टीएलएस १.२ नाही (टीएलएस म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची पद्धत), आणि २०२० च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांनी १.० व १.१ मोडीत काढले. म्हणजे ब्राउझर वगळता विंडोजच्याच जोडणीवर विसंबणारे जुने प्रोग्रॅम, उदाहरणार्थ ईमेल पाठवणारे किंवा परवाना तपासणारे, एके दिवशी ‘सर्व्हरशी जोडता येत नाही’ एवढेच सांगून थांबतात. दोष नेटवर्कमध्ये शोधला जातो आणि तिथे तो सापडत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला संकेतस्थळांना मोफत सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतल्या, बाकीची ज्यावर विसंबतात अशा एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जुन्या मॅकवर असंख्य संकेतस्थळे उघडेनाशी झाली. विंडोज ७ चे उदाहरण अजून बोलके आहे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट खरे असल्याची खूण असलेली डिजिटल सही जुन्या शा-१ पद्धतीवरून नव्या शा-२ वर नेली. शा-२ ओळखायला लागणारे अपडेट ज्या यंत्रावर आधी बसवलेले नव्हते, त्याला सपोर्ट शिल्लक असतानाच पुढची अपडेट घेता येईनात. शेवटच्या दिवशी ‘सगळी अपडेट उतरवून घेऊ’ म्हणणाऱ्यांची तिथेच फजिती झाली.

लिनक्सकडे चित्र वेगळे, घसरण तीच. उबुंटू या लिनक्सच्या एलटीएस (दीर्घ सपोर्टच्या) आवृत्तीला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सने असा दीर्घ सपोर्ट २०१४ पासून सुरू केला. सर्वांत मोठा धक्का सेंटओएस या सर्व्हरवरच्या लिनक्सचा. आवृत्ती ८ ही २०२९ पर्यंत चालेल या हिशेबाने लोकांनी सर्व्हर उभे केले होते. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झाले की तिचा शेवट ३१ डिसेंबर २०२१ लाच होणार. गंमत अशी की जुनी आवृत्ती ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत टिकली. तिचा शेवट झाल्यावर पॅकेजच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांची (‘मिरर’ची) यादी देणारा पत्ताच बंद झाला आणि पॅकेजे बसवणाऱ्या ‘यम’ची आज्ञा पहिल्याच पायरीवर अडू लागली. उपाय साधा आहे: पॅकेजचे पत्ते असलेल्या रेपोच्या फाइलींमधली ‘मिररलिस्ट’ची ओळ बंद करायची आणि ‘बेसयूआरएल’ हा पत्ता ‘व्हॉल्ट’ या जुन्या पॅकेजच्या संग्रहाच्या पत्त्यावर वळवायचा. पण त्यातून मिळतात ती जुनीच पॅकेजे; नवी दुरुस्ती तिथे येत नाही. हा मार्ग धरायचा तो स्थलांतरासाठी लागणारी एक-दोन साधने बसवण्यापुरताच.

विंडोज १० चा शेवट आधीच्या सर्वांपेक्षा वेगळा ठरला तो हार्डवेअरमुळे. एक्सपीवरून ७ वर किंवा ७ वरून १० वर जाताना मेमरी पुरेशी असली की सहसा भागत असे. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी तपासणी) जमणारे यूईएफआय (यंत्र सुरू करणारे नव्या पद्धतीचे फर्मवेअर), ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि मंजूर यादीतला प्रोसेसर मागितला. इंटेलमध्ये ती यादी काही अपवाद वगळता आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीत रायझन २००० पासून. त्यामुळे उत्तम चालणारी यंत्रेही बाहेर पडली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर प्रोसेसरला एसएसई ४.२ या संचातल्या सूचना कळत नसतील तर यंत्र सुरूच होत नाही. तपासणी चुकवून ११ बसवण्याची युक्ती अशा यंत्रांवर थिटी पडते.

पण ‘टीपीएम नाही’ असा निकाल आला की लगेच यंत्र मोडीत काढू नये. पुष्कळदा तो फर्मवेअरमध्ये नुसता बंद असतो: इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने. दुसरी अडचण डिस्कची. जुन्या पद्धतीने बूट होणाऱ्या यंत्रावर डिस्कच्या विभाजनांची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि यूईएफआयला नवी जीपीटी मांडणी लागते. विंडोज १० मधल्या ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने डेटा न पुसता ती बदलता येते. क्रम चुकवू नये. प्रथम पूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि त्यातली एखादी फाइल परत काढून पाहा. डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून संरक्षण तात्पुरते थांबवा. मग ते साधन आधी नुसती तपासणी करणाऱ्या ‘व्हॅलिडेट’ने चालवा. डिस्कवर तीनहून अधिक प्राथमिक विभाजने असतील तर ते इथेच नकार देते, कारण यूईएफआयच्या विभाजनासाठी जागा लागते. होकार आला की रूपांतर करा, आणि त्यानंतरच फर्मवेअरमध्ये जाऊन बूटची पद्धत बदला. आधी पद्धत बदलली तर यंत्राला बूट करायला डिस्कच सापडत नाही. घाबरायचे कारण नाही. सेटिंग पूर्ववत करून क्रमाने पुन्हा करावे.

दुरुस्तीची साधने ठेवलेल्या, डिस्कवरच्या रिकव्हरी विभाजनाकडे सहसा कोणी पाहत नाही. जानेवारी २०२४ मधल्या विंडोज १० च्या एका अपडेटला त्या विभाजनात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती नसलेल्या यंत्रांवर ते ०x८००७०६४३ ही चूक दाखवून अडत राहिले. जुन्या यंत्रांवर हे विभाजन अगदी छोटे असते, तेव्हा श्रेणीवाढ करण्याआधी ते मोठे करून घेतलेले बरे. श्रेणीवाढीनंतर परत फिरायला साधारण दहा दिवस मिळतात, जुन्या विंडोजची फाइलपेटी (‘विंडोज.ओल्ड’) पुसली नसेल तर. म्हणून प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सही, हिशेबाचा प्रोग्रॅम हे सगळे पहिल्या आठवड्यातच चालवून पाहावे. ११ ची नवी प्रतिष्ठापना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने केली तर बहुतेक यंत्रांवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. रिकव्हरी की त्या खात्यात जाते. खाते कोणाचे, हे ठरवूनच सुरुवात करावी.

ज्यांना जमलेच नाही त्यांच्यासाठी पैसे देऊन मुदत वाढवण्याची सोय आहे. विंडोज ७ च्या वेळी ती फक्त संस्थांना मिळाली, १० जानेवारी २०२३ पर्यंत. विंडोज १० च्या वेळी प्रथमच ती घरगुती वापरकर्त्यांनाही खुली झाली: १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, एकदाच ३० डॉलर भरून किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून विनामूल्य. अट एकच मोठी, यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. संस्थांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. ‘थोडे थांबून पाहू’ या धोरणात काही वाचत नाही.

उरतात ती हलवता न येणारी यंत्रे: प्रयोगशाळेतले मोजमापाचे उपकरण, कारखान्यातले कापणारे यंत्र, जुना ३२ बिटचा ड्रायव्हर. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे ३२ बिट विंडोजवरच चालणारे १६ बिटचे प्रोग्रॅम तिथे चालत नाहीत. प्रोग्रॅमला उपकरण लागत नसेल तर तो आभासी यंत्रात (संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या संगणकात) हलवावा आणि त्या आभासी यंत्राचे नेटवर्क बंद ठेवावे. उपकरण लागत असेल तर यंत्र वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या अलग भागावर) न्यावे, फाइलींच्या देवाणघेवाणीचे पोर्ट ४४५ आणि रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ अडवावे, एसएमबी १ ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत बंद करावी, ब्राउझर व ईमेल काढून टाकावे आणि फाइलींची ने-आण एकाच तपासणीच्या यंत्रातून करावी. उपकरण एसएमबी १ शिवाय फाइल पाठवतच नसेल, आणि असे पुष्कळदा निघते, तर ते दार फक्त त्या एका तपासणी-यंत्राच्या आयपी पत्त्यापुरते उघडे ठेवावे. अशा यंत्राची डिस्कही यंत्राइतकीच जुनी असते. तिची प्रतिमा घेऊन ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून, त्या डिस्कवरून यंत्र एकदा सुरू करून पाहावे.