जिंकणार कोण ते कळतं, संपणार कधी ते कळत नाही

धरमपेठेतल्या एखाद्या गेमिंग कॅफेत ‘आजची फायनल कोण मारणार?’ एवढंच विचारा. ‘लिहून घे बे’ म्हणत चार जण चार कारणं सांगतील. पण ‘संपेल किती वाजता?’ म्हटलं की हीच मंडळी गप्प होतात. प्रश्न फालतू नाही. फायनल समजा पॅरिसमध्ये असेल, तर तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा नागपुरात साडेआठ झालेले असतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज असतं.

‘व्हॅलोरंट’ हा पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा व्हिडिओ गेम घेऊ. एका नकाशावरचा पूर्ण डाव म्हणजे ‘मॅप’, त्यातली एकेक चकमक म्हणजे ‘राउंड’. आधी १३ राउंड जिंकेल त्याचा मॅप. १२-१२ झाले तर दोनचा फरक पडेपर्यंत ओव्हरटाइम. फायनल ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे तीन मॅप जिंकणारा विजेता. समजा एक संघ जरासाच सरस आहे, शंभरातले ५५ राउंड त्याचे. हा किरकोळ फरक मॅपभर साचत जातो आणि मॅप जिंकण्याची शक्यता जवळपास ७० टक्के होते. सिरीजमध्ये तो पुन्हा साचतो: ८४ टक्के. विजेता सांगायला आणखी काय हवं?

आता वेळेचं बघा. संघ अगदी तोलामोलाचे असतील तर तीन मॅपमध्ये निकाल लागण्याची शक्यता २५ टक्के, चारमध्ये ३७.५ आणि पाचमध्येही ३७.५. सरासरी ४.१ मॅप. मघाच्या सरस संघासाठी हेच आकडे ३७, ३६.५ आणि २६.५, सरासरी ३.९. विजेता जवळपास ठरला, पण सिरीजची सरासरी लांबी पाव मॅपानेही घटली नाही. बरं, ४.१ मॅपची सिरीज कधी होतच नाही! सरासरी सांगणारा इथे काहीच सांगत नाही.

त्यात मॅपची लांबीही ठरलेली नसते. १३-० मध्ये १३ राउंड, १३-११ मध्ये २४. एकेका राउंडमध्येही तोच प्रकार. शस्त्रखरेदीला साधारण ३० सेकंद, मग राउंडचे १०० सेकंद. शेवटच्या क्षणी स्पाइक, म्हणजे खेळातला बॉम्ब, लावला तर तो फुटायला आणखी ४५. दोन्ही संघ सुरुवातीलाच भिडले तर तोच राउंड वीस सेकंदांत खल्लास. बरोबरीच्या संघांत १२-१२ होण्याची शक्यता १६ टक्के, म्हणजे साधारण सहा मॅपांत एक ओव्हरटाइम.

आणखी एक गोम मॅपनिवडीत आहे. सिरीजआधी संघ आळीपाळीने नको ते मॅप बाद करतात आणि आपल्या आवडीचे निवडतात. ‘बेस्ट ऑफ थ्री’मध्ये बरोबरीचे दोन संघ आपापल्या मॅपवर ६५ टक्के वेळा जिंकतात असं धरा. मग तिसरा मॅप लागण्याची शक्यता ५० वरून ५४.५ टक्क्यांवर जाते. ज्याने त्याने आपलं घर राखलं की सिरीज लांबते.

२०२१ ते २०२५ या पाच व्हॅलोरंट चॅम्पियन्स (दरवर्षीची जागतिक स्पर्धा) फायनलमध्ये एकही ३-० नाही. यावरून सिद्धांत मांडायचा मोह होतो, पण नुसत्या नाणेफेकीनेही असं २४ टक्के वेळा घडेल. उलट ‘डोटा २’ या दुसऱ्या सांघिक व्हिडिओ गेमच्या ‘द इंटरनॅशनल’ या मोठ्या स्पर्धेत २०२२, २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ तीन फायनल ३-० ने संपल्या, नाणेफेकीत ही शक्यता ६४ मध्ये एक. अर्थात ही तीन वर्षं मी निवडूनच घेतली. २०२१ आणि २०२५ मध्ये तिथेही ३-२ झालं.

या बाबतीत कॉलेज फेस्टवाल्यांना बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल असा मोबाइल गेम) बरी. तिथे सुरक्षित वर्तुळ ठरल्या वेळापत्रकाने आकसत जातं, त्यामुळे कोणी कितीही लपून बसलं तरी सामना फार ताणता येत नाही. सिरीजचा खेळ ठेवलाच, तर हॉल पाच मॅप आणि एखादा ओव्हरटाइम धरूनच घ्यावा. बाकी अंदाज दोन मॅप झाल्यावर नव्याने करायचा: संघ बरोबरीचे असतील तर १-१ वर अजून सरासरी अडीच मॅप, २-० वर पावणेदोन. चहावाल्याला थांबवायचं की नाही, ते तेव्हा ठरवा.