त्वचाक्षोभ चाचणी

त्वचाक्षोभ चाचणी : एखादे रसायन त्वचेला लागल्यावर लाली, सूज किंवा खपली यांसारखी, पण काही दिवसांत भरून येणारी इजा होते काय, हे ठरविण्याची प्रयोगशाळेतील पद्धती. इजा भरून न येता त्वचेचा थरच मृत झाल्यास त्या परिणामास क्षोभ न म्हणता क्षरण म्हणतात. पहिल्या स्पर्शाला काही न होता पुढील स्पर्शांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेमुळे पुरळ उठत असेल, तर ती अधिहर्षता, म्हणजे व्यवहारातील ॲलर्जी होय. हा भेद विदर्भात विशेष लक्षात ठेवावा लागतो. कारण बिब्बा उतणे किंवा गाजरगवताने अंग खाजणे हे तेथील सर्वपरिचित अनुभव मुख्यत्वे अधिहर्षतेचे आहेत, तर फवारणीच्या औषधाने मनगटाची कातडी लाल होऊन सोलवटणे हा बहुधा क्षोभ असतो.

उगम : चाचणीचा आरंभ सामान्यतः १९४४ सालापासून धरतात. पापण्या रंगविण्याच्या एका प्रसाधनाने डोळे गमावल्याची प्रकरणे १९३०–४० या दशकात अमेरिकेत गाजली व १९३८ मध्ये तेथे अन्न, औषधे व प्रसाधने यांविषयीचा नवा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी मोजता येईल असे माप हवे होते. तेथील अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी जेफ्री वुडार्ड व हर्बर्ट कॅल्व्हरी यांच्यासह १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्वचा व डोळे या दोहोंसाठी असे माप दिले आणि पुढे पद्धतीला एकट्या ड्रेझ यांचे नाव चिकटले. त्याच वर्षी जोनास फ्रीडेनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यावरील परिणामांसाठी बरीच मिळतीजुळती गुणपद्धती मांडली होती. त्यामुळे निदान डोळ्याच्या चाचणीपुरते श्रेय विभागून द्यावे, असे काही अभ्यासक मानतात. त्वचेवर पट्टी लावून परिणाम पाहण्याची कल्पना तर याहून जुनी आहे. योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये पाऱ्याच्या मलमाने पुरळ उठलेल्या रुग्णांवर ती वापरली व वैद्यकीय पट्टी-चाचणीचे जनकत्व बहुधा त्यांनाच देतात. तथापि गेऑर्ग श्टेडेलर यांनी १८४७ च्या सुमारास काजूच्या टरफलातील दाहक द्रव टिपकागदाला लावून तो माणसाच्या त्वचेवर ठेवल्याची नोंद आहे. काजू आणि बिब्बा एकाच आम्रकुलातील असल्याने ही नोंद येथे अधिकच लक्षणीय ठरते. एकूण पुरावा पाहता पट्टीची कल्पना जुनी व गुणांकनाची शिस्त ड्रेझ-गटाची, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

पद्धती : मूळ पद्धतीत सहा पांढऱ्या सशांच्या पाठीवरील केस काढून, काही जागी त्वचा ओरखडून व काही जागी अखंड ठेवून, ०.५ मिलि. द्रव किंवा ०.५ ग्रॅम घन पदार्थ २४ तास झाकून ठेवीत. लाली व सूज यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देत. म्हणजे कमाल बेरीज ८ होई. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ मध्ये स्वीकारलेल्या व नंतर वेळोवेळी सुधारलेल्या ४०४ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत ओरखडणे नाही. सुमारे ६ चौ. सेंमी. जागेवर ४ तास पट्टी ठेवतात, ससे जास्तीत जास्त तीन घेतात आणि पट्टी काढल्यावर १, २४, ४८ व ७२ तासांनी, गरज पडल्यास १४ दिवसांपर्यंत, निरीक्षण करतात. रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गीकरणानुसार तीनपैकी किमान दोन प्राण्यांत लालीचे किंवा सुजेचे २४, ४८ व ७२ तासांच्या गुणांचे सरासरी मूल्य २.३ वा अधिक आल्यास पदार्थ क्षोभकारक ठरतो. सामू (पीएच) २ वा त्याहून कमी किंवा ११.५ वा त्याहून अधिक असल्यास पदार्थ क्षरणकारक असण्याची शक्यता धरून सामान्यतः प्राण्यावर प्रयोग करीत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या सिमेंटचे ओले मिश्रण, ज्याचा सामू १२ च्या वर असतो, या मर्यादेत येते.

लाली ‘स्पष्ट’ की ‘मध्यम’ हे शेवटी निरीक्षकाच्या डोळ्यावर अवलंबून राहते. वाइल व स्काला या संशोधकांनी १९७१ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांना तेच पदार्थ तपासावयास दिले, तेव्हा निष्कर्षांत मोठी तफावत आढळली. हा आक्षेप आणि प्राण्यांना होणारा त्रास यांमुळे मानवी पेशींपासून काचपात्रात वाढविलेल्या बाह्यत्वचेवरील चाचण्या पुढे आल्या व २०१० मध्ये त्याच संघटनेच्या ४३९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने त्यांना मान्यता मिळाली. पदार्थ लावून धुतल्यावर सुमारे ४२ तासांनी पेशींना पिवळे टेट्राझोलियम रंजक देतात; जिवंत पेशी त्याचे जांभळ्या द्रव्यात रूपांतर करतात. जांभळेपणावरून काढलेली जीवनक्षमता ५० टक्के वा कमी भरल्यास पदार्थ क्षोभकारक समजतात. भारतात प्रसाधनांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ पासून मनाई आहे. ती कीटकनाशकांना लागू नाही.

विदर्भातील संदर्भ : कपाशी, सोयाबीन, तूर व संत्री यांवर फवारली जाणारी औषधे हाच ग्रामीण विदर्भात औद्योगिक रसायनांशी होणारा सर्वांत व्यापक त्वचासंपर्क होय. कीटकनाशके अधिनियम, १९६८ खालील नोंदणीसाठी त्वचाक्षोभाची माहिती सादर करावी लागते, परंतु तिचा निष्कर्ष शेतकऱ्यापर्यंत क्वचितच पोचतो. डब्यावर ठळक दिसतो तो रंगीत त्रिकोण. लाल, पिवळा, निळा व हिरवा हा क्रम मात्र केवळ प्राणघातक मात्रेवरून ठरतो : तोंडावाटे दर किग्रॅ. वजनास ५० मिग्रॅ. पर्यंतची मात्रा घातक असल्यास लाल, ५१ ते ५०० असल्यास पिवळा, ५०१ ते ५,००० असल्यास निळा व त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे घातक ठरणाऱ्या मात्रेच्या मर्यादा वेगळ्या आहेत. क्षोभाचा या रंगांशी संबंध नाही. हिरव्या त्रिकोणाचे औषध अंगावर उतणार नाही, ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

उलट समजूतही तितकीच घातक आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त (ऑर्गॅनोफॉस्फेट) औषधांपैकी अनेक औषधे त्वचेवर फारशी खूण न उठविता शरीरात शोषली जातात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली व काहींचा मृत्यू झाला. छातीएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) फवारणी केल्याने औषध अंगावर व तोंडावर येत होते, हे त्या वेळच्या चर्चेतील एक प्रमुख कारण. अशा औषधाच्या बाबतीत आग न होणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानता येत नाही. पॅराक्वाट या तणनाशकाचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे : ते त्वचा व नखे बिघडविते आणि बिघडलेल्या त्वचेतून त्याचे शोषण वाढते.

सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे या चाचणीच्या मर्यादेचा चांगला नमुना आहेत. त्यांनी चेहऱ्यावर मुंग्या येतात व चुणचुण होते. ऊन आणि घाम यांनी ती वाढते आणि साधारणतः एका दिवसात ओसरते. हा परिणाम त्वचेतील संवेदी चेतातंतूंच्या सोडियम-मार्गांवर (सोडियम आयन ये-जा करतात त्या वाटांवर) होत असल्याने लाली वा सूज दिसेलच असे नाही, आणि जे दिसत नाही त्याला ड्रेझ-मापात गुण नाहीत. संवर्धित बाह्यत्वचेत तर चेतातंतूच नसतात. गिनीपिगाच्या कुशीला औषध लावून तो ती जागा किती वेळा चाटतो वा चावतो, हे मोजण्याचे प्रयोग झाले आहेत. पण नोंदणीच्या नेहमीच्या संचात ते नाहीत.

चाचणीतील परिस्थिती आणि वावरातील परिस्थिती यांतही अंतर आहे. प्रयोगशाळेत एकच पदार्थ, एकदा, चार तास लावतात. शेतात पाठीवरच्या पंपाच्या गळतीने सदरा भिजून तो दिवसभर पाठीला चिकटून राहतो, म्हणजे झाकलेल्या पट्टीसारखेच काम करतो, आणि हे हंगामात पुनःपुन्हा घडते. शिवाय एकाच टाकीत दोन कीटकनाशके, विद्राव्य खत व ‘टॉनिक’ एकत्र करण्याची पद्धत रूढ आहे. अशा मिश्रणाची चाचणी कोणीच केलेली नसते. ई.सी. (पाण्यात मिसळून दुधाळ होणाऱ्या तेलकट द्रव) प्रकारच्या औषधांत क्षोभ पुष्कळदा मूळ कीटकनाशकापेक्षा त्यातील ॲरोमॅटिक (बेंझीन-वलय असलेल्या) हायड्रोकार्बन विद्रावकामुळे होतो.

आधीच पुरळ उठलेल्या रुग्णात वापरतात ती पट्टी-चाचणी क्षोभ नव्हे, तर अधिहर्षता शोधण्यासाठी असते. डब्यातील औषध तसेच लावल्यास क्षोभच उठून निदान फसते. म्हणून ते पुष्कळ सौम्य करून लावतात. पट्ट्या पाठीवर ४८ तास कोरड्या राहाव्या लागतात व वाचन ४८ आणि ९६ तासांनी करतात. फवारणीच्या दिवसांत मजुराला यासाठी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी तीन खेपा घालाव्या लागतात.