लाल ‘हंटर’: एका रूपांतरित प्रतिकृतीची पार्श्वभूमी

प्लास्टिकच्या संचातून विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जोडणाऱ्यांपैकी काही जण डब्यावर छापलेले विमान बाजूला ठेवतात आणि त्याच कुळातले, बाजारात तयार न मिळणारे विमान घडवू लागतात. हॉकर हंटर या ब्रिटिश जेट लढाऊ विमानाच्या बाबतीत हा मोह बहुतेक वेळा ‘डब्ल्यूबी १८८’ या क्रमांकाच्या लालभडक विमानापाशी येऊन थांबतो. ७ सप्टेंबर १९५३ रोजी याच विमानाने ताशी ७२७.६३ मैल, म्हणजे सुमारे १,१७१ किलोमीटर, वेग गाठून जागतिक विक्रम केला होता. हंटरचे संच मात्र प्रामुख्याने पुढच्या, सैन्यात रुळलेल्या आवृत्त्यांचे निघाले, विशेषतः एफ. ६ चे. रेव्हेलचा १/३२ प्रमाणातील, अकॅडमीचा १/४८ मधील आणि एअरफिक्सने २०१८ मध्ये आणलेला १/४८ मधील संच ही त्याची ठळक उदाहरणे. त्यामुळे विक्रमवीर विमान करायचे तर वंशजापासून पूर्वजाकडे जावे लागते. एफ. ६ वरची कोणती गोष्ट काढायची आणि का, हे कळण्यासाठी हंटरचा इतिहासच वाचावा लागतो.

हंटरचे रेखाटन सिडनी कॅम यांच्या हाताखाली हॉकर कंपनीत झाले. पहिला नमुना डब्ल्यूबी १८८ हा २० जुलै १९५१ रोजी बॉस्कोम डाउन येथून आकाशात गेला आणि चालवायला होते नेव्हिल ड्यूक, दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेले लढाऊ वैमानिक. त्या वेळी विमानाचा रंग फिकट हिरवा होता, त्यात तोफा नव्हत्या आणि इंजिन होते रोल्स-रॉइसचे एव्हॉन. सैन्यात दाखल व्हायला मात्र जुलै १९५४ उजाडला. या विलंबाचे एक कारण वेगरोधक होते. फ्लॅप्सचाच (पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्यांचाच) वेगरोधक म्हणून वापर करण्याची मूळ कल्पना फसली, कारण मोठ्या वेगात फ्लॅप्स उघडले की विमानाचा तोल बदलत असे. अखेर शेपटीकडच्या भागात पोटाखाली एक वेगळा वेगरोधक बसविण्यात आला. प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. संचातील हा पोटाखालचा वेगरोधक त्याला बुजवावा लागतो, आणि डब्ल्यूबी १८८ वर प्रयोगादाखल लावलेले, धडाच्या मागील बाजूंवर उघडणारे वेगरोधक नव्याने कोरावे लागतात.

विक्रमाची गोष्ट त्या काळच्या चढाओढीतून निघते. युद्ध संपताच नोव्हेंबर १९४५ मध्ये ग्लॉस्टर मीटिअरने ताशी ६०६ मैलांचा पल्ला गाठला आणि सप्टेंबर १९४६ मध्ये दुसऱ्या मीटिअरने ससेक्सच्या किनाऱ्यावर तो ६१६ मैलांवर नेला. त्यानंतर मान अमेरिकेकडे गेला, आणि जुलै १९५३ मध्ये एफ-८६डी सेबरने आकडा ७१५.७ मैलांवर पोहोचविला. मग हॉकरने पहिला नमुनाच पुन्हा हाती घेतला. त्याला आफ्टरबर्नर (बाहेर पडणाऱ्या वायूत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) असलेले एव्हॉन आरए. ७आर इंजिन बसविले, ज्याचा जोर ९,६०० पौंड, म्हणजे सुमारे ४,३५० किलो, होता. नाक लांबट व टोकदार केले, पुढच्या काचेला अधिक उतार दिला आणि सबंध विमान लाल रंगविले. या एकमेव विमानाला ‘मार्क ३’ म्हणतात. टँगमिअर तळावरून निघून ड्यूक यांनी लिटलहॅम्प्टनजवळ समुद्रकिनाऱ्याला धरून आखलेल्या तीन किलोमीटरच्या मार्गावरून दोन्ही दिशांनी उड्डाणे केली, आणि त्यांच्या सरासरीतून विक्रमाचा आकडा ठरला. १९ सप्टेंबरला त्याच विमानाने १०० किलोमीटरच्या बंद मार्गावर ताशी ७०९.२ मैलांचा आणखी एक विक्रम नोंदविला.

त्या काळच्या नियमांप्रमाणे तीन किलोमीटरचा हा मार्ग समुद्रसपाटीच्या अगदी जवळून पार करावा लागे, जेणेकरून खालच्या उपकरणांना वेळ अचूक टिपता यावी. या एका अटीने सारी स्पर्धा हवामानाच्या हाती दिली. ही विमाने ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावर अडकत होती, आणि ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो. १५ अंश सेल्सिअसला तो ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, तर ४० अंशाला सुमारे १,२७७. म्हणजे तेच विमान, तेच इंजिन, पण हवा तापलेली असेल तर पन्नास किलोमीटरची मोकळीक फुकट मिळते. इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावर केलेला ड्यूक यांचा विक्रम म्हणूनच मला आकड्यापेक्षा मोठा वाटतो. प्रतिस्पर्ध्यांनी हा हिशेब बरोबर ओळखला होता. महिनाअखेरीपूर्वीच माइक लिथगो यांनी सुपरमरीन स्विफ्ट लिबियाच्या वाळवंटात नेऊन ७३५ मैलांपलीकडचा वेग गाठला, आणि ३ ऑक्टोबरला अमेरिकेच्या स्कायरे विमानाने कॅलिफोर्नियातील सॉल्टन सरोवराजवळ ७५२.९ मैल केले. हंटरचा मान तीन आठवडेही टिकला नाही.

आता एफ. ६ कडे पाहू. त्याच्या पंखाच्या आघाडीच्या कडेला बाहेरच्या भागात जो दात दिसतो, तो मोठ्या वेगात नाक आपोआप वर उचलले जाण्याच्या दोषावरचा इलाज होता आणि तो नंतर आला. मार्क ३ साठी तो कापून कड सरळ करावी लागते. एअरफिक्सने पुढे काढलेला एफ. ४ चा संच निवडला तर हे काम वाचते. नाकाखालचे दोन फुगवटे एका ब्रिटिश अभिनेत्रीच्या नावावरून ‘सॅब्रिना’ म्हणून ओळखले जातात. चार ३० मिलिमीटर एडन तोफांच्या काडतुसांना जोडणाऱ्या कड्या बाहेर पडून धडावर आदळत, त्या गोळा करण्यासाठी ते लावले गेले. मार्क ३ मध्ये तोफाच नसल्याने फुगवटे, तोफांची तोंडे आणि पंखाखालील शस्त्रांच्या टांगणीची भोके, सारे पुट्टीने भरून घासून सपाट करावे लागते. उलट नाक, काच आणि शेपटीचे टोक ही भर घालण्याची ठिकाणे आहेत. नाक प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पुट्टी यांनी वाढवून घासता येते, काच साच्यावर तापवलेला पारदर्शक पत्रा ओढून करतात, पण आफ्टरबर्नरमुळे बदललेला मागचा भाग सर्वांत कठीण. एफ. ६ ची नळी त्याच्या मोठ्या इंजिनासाठी घडवलेली असल्याने ती तशीच ठेवता येत नाही, आणि छायाचित्रांत हा भाग नेमका सावलीत असतो.

आफ्टरबर्नर हंटरच्या लढाऊ आवृत्त्यांत आला नाही, याचे कारणही याच भागात सापडते. एफ. ६ च्या एव्हॉन २०० मालिकेतील इंजिनाने आफ्टरबर्नरशिवायच सुमारे १०,००० पौंडांचा जोर दिला, म्हणजे विक्रमवीर विमानाच्या पेटत्या इंजिनापेक्षा अधिक. मार्क ३ एकटेच राहिले ते यामुळे. भारतानेही याच एफ. ६ वर आधारलेले ‘मार्क ५६’ १९५७ मध्ये मागविले, एकूण १६०. त्यांवर शेपटीजवळ धावपट्टीवर वेग कमी करणाऱ्या पॅराशूटची पेटी होती. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत जैसलमेरहून उडून पाकिस्तानी रणगाडे नष्ट करणारी विमाने हीच. मराठी वाचकाच्या मनातला हंटर बहुधा तोच असतो, आणि संचापासून त्याचे अंतर मार्क ३ च्या तुलनेत फारच थोडे आहे.

मूळ विमान टँगमिअर येथील लष्करी विमान संग्रहालयात जपलेले आहे, ही प्रतिकृतीकारांची सोय म्हटली पाहिजे. सगळ्याच विक्रमवीरांचे असे नशीब नव्हते. १० मार्च १९५६ रोजी पीटर ट्विस यांनी ज्या फेअरी डेल्टा २ मधून प्रथमच ताशी १,००० मैलांच्या पुढचा (१,१३२ मैल) विक्रम केला, त्या डब्ल्यूजी ७७४ चे पंख पुढे कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या अभ्यासासाठी बदलून त्याचे बीएसी २२१ करण्यात आले, त्यामुळे विक्रमाच्या वेळचे रूप केवळ जुन्या छायाचित्रांत उरले.

रंगाचेही थोडे सांगायला हवे. चकचकीत लाल रंग पातळ असतो आणि खालचा रंग दाखवतो, त्यामुळे राखाडी प्रायमरवर तो मळकट दिसतो. पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी अस्तरावर चढवला तरच तो उठून येतो. शिवाय चमक ही बुजवलेल्या प्रत्येक भोकाची आणि कापलेल्या दाताच्या जागेची चुगली करते. ज्याला एवढे नको असेल त्याने १९५१ मधील फिकट हिरवा नमुना करावा. त्यात टोकदार नाक नाही, आफ्टरबर्नर नाही, बाजूचे वेगरोधकही नाहीत. पंखाचा दात, ‘सॅब्रिना’ आणि तोफांची तोंडे मात्र त्याही प्रतिकृतीत काढावीच लागतात.