कैदी पळाला तर ड्युटीवरच्या गार्डवर केस कशी होते? नागपूरकरांसाठी माहिती

मेडिकलला तपासणीसाठी आणलेला कैदी पळाला, गार्ड सस्पेंड, अशी बातमी आली की लोकांना वाटते झालं काम. पण भाऊ, सस्पेन्शन ही खात्याची कारवाई, फौजदारी केस वेगळी. ३१ मार्च २०१५ ला वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमधून ५ कैदी पळाले तेव्हाही मोठी चर्चा सस्पेन्शनचीच.

आधी कलम पाहा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावरच ठरते. गार्डच्या हलगर्जीपणानं पळाला तर भारतीय न्याय संहितेचं २६१, २ वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मुद्दाम पळू दिला असंल तर अंडरट्रायलसाठी (ज्याचा खटला अजून सुरू आहे असा कैदी) २५९, शिक्षा झालेल्यासाठी २६०, आणि फाशीचा कैदी असंल तर थेट जन्मठेपेपर्यंत. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असंल तर जुनं आयपीसी २२१ ते २२३.

आता खरी गोम. २६१ अदखलपात्र आहे, म्हणून ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हाती देतात आन् कोर्टाच्या ऑर्डरशिवाय तपास होत नाही. पण पळणाऱ्या कैद्यावरचं २६२ दखलपात्र आहे (म्हणजे पोलीस कोर्टाच्या ऑर्डरशिवाय तपास करू शकतात), आणि एका केसमध्ये एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर सगळी केस दखलपात्र धरतात, म्हणून तक्रारीत दोन्ही गोष्टी एकत्रच लिहा, गार्डचं वेगळं कागद करू नका.

तक्रार कोणीही देऊ शकते, नातेवाईकच पाहिजे असं नाही. फी नाही. लेखी तक्रार, आधारची झेरॉक्स, तारीख-वेळ-जागा, माहीत असंल तर गार्डचा बक्कल नंबर (वर्दीवरचा ओळख नंबर), व्हिडिओ असंल तर पेन ड्राइव्ह, आणि आपल्या कॉपीवर ठाण्याचा शिक्का घ्याच. हद्दीवरून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर (हद्द नसली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते ती) मागा.

एफआयआर घेतच नसतील तर पोलीस आयुक्तालयात वरिष्ठांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, तरी नाही झालं तर सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात अर्ज, सोबत ॲफिडेव्हिट आणि पोस्टाची पावती. तिथं थोडा वेळ जाते, कारण सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश द्यायच्या आधी मॅजिस्ट्रेट त्याच्या वरिष्ठाचा रिपोर्ट मागवते आणि त्या माणसाचं म्हणणंही पाहते.

ज्याला फक्त सरकारच नोकरीतून काढू शकते अशा अधिकाऱ्यासाठी सरकारची मंजुरी लागू शकते, पण १२० दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजुरी मिळाली असंच धरतात. पैसे घेऊन सोडल्याचा संशय असंल तर एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) हेल्पलाइन नंबर १०६४. आणि २६१ मध्ये कोर्टानं दखल घ्यायची मुदत ३ वर्षं आहे, चौकशी सुरू आहे सुरू आहे म्हणत ती कधी निघून जाते समजतही नाही.