ट्यूबलेस म्हणजे रेडियल नव्हे

पांढरकवड्याला टायरच्या दुकानात तासभर बसलं की एकदा तरी हे कानावर येतं. "भाऊ, मले रेडियल पाह्यजे." "ट्यूबलेस ना? हाय नं." टायर खाली उतरतो, भाव ठरतो, गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश. पण मागितलं एक, दिलं दुसरं, आणि हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात येत नाही. रोजच्या शेतावर जाण्याच्या मोटारसायकलला यानं फारसं बिघडत नाही. दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन चिखलदरा, पचमढी किंवा थेट लडाखला निघणाऱ्याचं मात्र बिघडतं. माझं बिघडलं होतं, म्हणून हे लिहितोय.

ट्यूबलेस हा शब्द हवा कशात कोंडलीय ते सांगतो. रेडियल हा शब्द टायरच्या आतले धागे कसे टाकलेत ते सांगतो. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांतच सगळ्या जोड्या सापडतात. मिटिऑर ३५० चा मागचा टायर १४०/७०-१७, ट्यूबलेस आहे पण रेडियल नाही. डॉमिनार ४०० चे दोन्ही टायर ट्यूबलेसही आहेत आणि रेडियलही. जुन्या ४११ सीसी हिमालयनला ट्यूब होती आणि रेडियल नव्हता. ४५० ची हिमालयन २०२३ मध्ये आली तेव्हा मागं रेडियल टायर आणि त्यात ट्यूब, पुढं साधा टायर आणि त्यातही ट्यूब. म्हणजे रेडियलमध्येसुद्धा ट्यूब असू शकते. एवढं एक उदाहरण दुकानात सांगितलं तरी बराच घोळ मिटतो.

आधी ट्यूबलेस. याचा खरा निर्णय टायर करत नाही, रिम करते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला हवा न झिरपू देणाऱ्या रबराचा थर असतो आणि त्याची कड रिमला घट्ट चिकटून हवा अडवते. अलॉयची रिम अखंड असते, म्हणून तिथं हे जमतं. स्पोकच्या साध्या रिमला प्रत्येक तारेसाठी एक भोक असतं आणि हवा तिथून निघून जाते. शिवाय ट्यूबलेसच्या रिमला आतून एक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कड त्या उंचवट्यावर अडते, सरकून मधल्या खोलगट भागात पडत नाही. ट्यूबच्या रिमला हा उंचवटा बहुधा नसतो. काही जण स्पोकच्या रिमला आतून टेप आणि सीलंट लावून ट्यूबलेस करून घेतात. गावातल्या गावात चालवा, पण लांबच्या प्रवासाला, मागं माणूस बसवून, मी तसं कधीच नेणार नाही. कंपनीकडूनच हवाबंद स्पोकची चाकं मिळतात. ४५० हिमालयनला ती नंतर आली. ती वेगळी गोष्ट.

माझी गाडी स्पोकची. एका मोठ्या गावातल्या दुकानात मागचा टायर बदलला. टायरवर ट्यूबलेस लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "ट्यूबलेस हाय, टेन्शन नाई," आणि आत माझी जुनीच ट्यूब घातली. मीही बघत उभा होतो, काही बोललो नाही. स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर ट्यूब घालून चालतो, त्यात चूक नव्हती. चूक जुन्या ट्यूबची. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये ती पुरती बसत नाही, कुठंतरी दुमडते. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाताना घटांगच्या अलीकडे वळणावर मागचं चाक एकदम मासळीसारखं वळवळलं. मागं बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. गाडी कशीबशी कडेला घेतली. चाक उघडलं तर टायरच्या आत काजळासारखी काळी भुकटी साचलेली, आणि ट्यूबवर बोटभर लांब सरळ चीर. ना काटा, ना खिळा. दुमडलेली घडी घासून घासून फाटली होती.

ट्यूब फुटली की हवा टायर आणि ट्यूबच्या मधून शिरून तारांच्या भोकांतून क्षणात बाहेर पडते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर रबर त्या खिळ्याला घट्ट धरून राहतं, हवा हळूहळू जाते आणि पुढच्या गावापर्यंत पोचता येतं. आमच्याकडे बाभळीचे काटे, पऱ्हाटीचे खुंट आणि बैलगाडीच्या धावेतून निघालेले खिळे कुठंही सापडतात. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे आपली सगळी भटकंती जुन्या रस्त्यांवर, गिट्टीच्या कडांवरून. म्हणून ज्याच्या रिमला चालत असेल त्यानं ट्यूबलेस घ्यावाच, यात मला शंका नाही.

रेडियलचा मामला इतका सरळ नाही.

बाज विणताना सुंभ जसं तिरपं जातं, तसे साध्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत जातात. याला बायस म्हणतात, दुकानात बरेच जण नुसतं "नायलॉन" म्हणतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे टाकलेले असतात आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली वेगळे पट्टे असतात. मिशलिन कंपनीनं रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, ते चारचाकीसाठी. मोटारसायकलला तो बराच उशिरा आला.

फरक काय पडतो? बायसमध्ये बाजूची भिंत आणि वरचा भाग एकच तुकडा असल्यासारखा वागतो. भिंत दबली की वरचं रबरही रस्त्यावर थोडं सरकतं, थर एकमेकांवर घासतात आणि टायर तापतो. रेडियलची भिंत मऊ दबते, पण वरचा भाग सपाट राहतो, म्हणून तो थंड चालतो आणि लांबच्या वेगाच्या प्रवासात जास्त टिकतो. मे महिन्यात ४५ अंशांत जाम, हिंगणघाट, वडनेर करत हैदराबादच्या रस्त्याला लागलात तर हा फरक तुम्हाला जाणवेल. पण तीच मऊ भिंत धारदार दगडाला आणि तिरप्या खुंटाला लवकर फाटते, आणि भिंतीवरचं पंक्चर पट्टी घालून दुरुस्त करता येत नाही. ओझं घेऊन पांदण रस्त्यानं जाणाऱ्याला बायसची जाड भिंत जास्त साथ देते. "रेडियल म्हणजे भारी" हे वाक्य म्हणून अर्धंच खरं.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी ज्यावर आली त्याच जातीचा टायर घ्या. बायसवर आलेल्या गाडीची रिम, शॉकॲब्सॉर्बर आणि वळणातली वागणूक बायस धरूनच ठरवलेली असते. पुढं एक जात आणि मागं दुसरी, असं आपल्या मनानं करू नका. कंपनीनंच तसं दिलं असेल तर ते तपासलेलं असतं. रुंद टायरचा मोहही टाळा. अरुंद रिमवर तो चिमटल्यासारखा बसतो, वळणाची गोलाई बिघडते आणि कधी कधी चेनला घासतो.

टायर हातात आला की त्याच्या भिंतीवर वाचायला शिका. १३०/७०-१७ यातली मधली आडवी रेघ म्हणजे बायस. तिथं १३०/७० आर १७ असेल तर तो आर म्हणजे रेडियल, रिम नव्हे. ट्यूबलेस किंवा ट्यूब टाइप हे वेगळं छापलेलं असतं, त्याला टीएल आणि टीटी असंही लिहितात. पुढं ६२ सारखा आकडा येतो, म्हणजे तो टायर २६५ किलो झेलतो. त्यानंतरचं अक्षर वेगाचं, पी म्हणजे १५० किमी, एस १८०, एच २१०. जुन्या टायरपेक्षा यातलं काहीही कमी घेऊ नका. चार आकड्यांची तारीख बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. आणि नक्षी ०.८ मिलीमीटरवर आली की दुचाकीचा टायर कायद्यानंच संपला.

बसवताना मी आता उभा राहून चार गोष्टी बघतो. बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं आहे का. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आलाय का. कडेला साबणाचं पाणी लावलं का, आणि हवा भरल्यावर "टप" असा आवाज होऊन रिमलगतची रेघ सगळीकडे सारखी दिसते का. ट्यूबची गाडी असेल तर ट्यूब नवीच, तिच्यावरचा आकडा वाचून. पहिले दीडशे किलोमीटर सावकाश, कारण नव्या रबरावर साच्यातला तेलकटपणा असतो. हवा सकाळी, गार टायरमध्ये, मागं माणूस बसणार असेल तर गाडीवरच्या स्टिकरवरचा दोन माणसांचा आकडा धरून. तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दीड पीएसआय हवा आपोआप वाढते. म्हणून दुपारी गरम टायरमधून हवा सोडू नका, रात्री तो मऊ पडतो.

सोबतचं सामानही दोघांचं वेगळं. ट्यूबलेसला सळई, चिकट पट्ट्या आणि छोटा पंप पुरतो. ट्यूबवाल्यानं टायर उचकटायच्या दोन टामी आणि एक ट्यूब बाळगावी. पुढं २१ इंची चाक असेल तर त्याची ट्यूब लहान गावात सापडणं कठीण, म्हणून मी ती नेहमी जवळ ठेवतो. अडलंच तर तीच मागच्या १७ किंवा १८ च्या चाकात घालून, सावकाश चालवत, घरापर्यंत येता येतं.